सिसिलीतलं कास्तेलबुओनो: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सिसिलीला जाणारे आपले बहुतेक लोक पालेर्मो, एटना आणि ताओर्मिना बघतात आणि मधला एखादा दिवस चेफालूच्या समुद्रावर काढतात. त्याच चेफालूपासून डोंगराकडे वळलं की साधारण २० किलोमीटरवर कास्तेलबुओनो लागतं. समुद्रसपाटीपासून ४२३ मीटर उंचीवरचं, आठेक हजार वस्तीचं गाव. गावाच्या माथ्यावर चौकोनी किल्ला आणि पाठीशी मादोनिए डोंगररांग. इथली माणसं आजही झाडाच्या सालीला काप देऊन त्यातून गोड पांढरा रस काढतात. तो 'मान्ना' बघायला मी गेले आणि गावाच्याच प्रेमात पडले.

पहिली फेरी मात्र वाया गेली होती. चेफालूहून बस पकडून दुपारी दीडला उतरले तर दुकानं बंद, चर्चला कुलूप आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. चारच्या बसने परतायचं होतं, म्हणून अडीच तास उन्हात बंद दारं बघितली आणि निघाले. पुढच्या वेळी दोन रात्री राहिले तेव्हा कळलं की हे गाव दिवसातून दोनदा जागं होतं आणि एका दिवसात येऊन जाणारे नेमके त्याच्या झोपेच्या वेळी येतात. त्यामुळे पुढचं सगळं दोन रात्रींचा मुक्काम धरून लिहिते आहे.

महिना आधी ठरवा

हिंडायला एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. मान्ना काढताना बघायचा असेल तर जुलै ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत जायला हवं. तेव्हा दुपारचं ऊन भाजून काढतं, पण डोंगरामुळे रात्री सुसह्य असतात.

२५ ते २७ जुलैला गावदेवीचा म्हणावा असा उत्सव असतो, सांत आन्नाचा. ही येशूची आजी, मेरीची आई. तिच्या कवटीचा अवशेष म्हणून जो जपला आहे तो किल्ल्यातल्या प्रार्थनाघरात असतो आणि या दिवसांत त्याची मिरवणूक निघते. गोव्यात तिसवाडीतल्या सांताना चर्चला जुलैअखेरीस तवशांचं फेस्त भरतं, ते याच संतिणीचं. या दिवसांत खोली हवी असेल तर दोन-तीन महिने आधी पाहा. ऑगस्टमध्ये किल्ल्यासमोरच्या चौकात 'इप्सिग्रॉक' हा संगीत महोत्सव भरतो. १९९७ साली सुरू झालेल्या या महोत्सवाला गावाच्या जुन्या नावावरून, इप्सिग्रोवरून, नाव दिलं आहे. त्याच महिन्यात १५ तारखेला इटलीभर 'फेर्रागोस्तो'ची सुट्टी असते. शांतता हवी असेल तर ऑगस्टचा मधला पंधरवडा टाळा.

कागदपत्रं

इथे फार वेळ घालवत नाही, कारण ही माहिती सगळीकडे मिळते. इटलीचा शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि निघायला १५ दिवस उरायच्या आत तो दाखल झालेला हवा. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. गाडी चालवणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, आपला नेहमीचा परवाना एकटा पुरत नाही. गावात पोचल्यावर घरमालक पासपोर्ट मागतील. घाबरू नका, पाहुण्यांची नोंद पोलिसांना कळवणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे.

पोचायचं कसं

मुंबईहून रोम किंवा मिलानमार्गे पालेर्मो. विमानतळावरून पालेर्मो चेंत्राले स्टेशनला ट्रेन जाते. तिथून चेफालूची ट्रेन पकडा, तासाभराचा प्रवास आहे आणि बराच वेळ डाव्या हाताला समुद्र असतो, म्हणून डावीकडची खिडकी धरा. कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळ उमटवून घ्या. तिकीट खिशात असूनही दंड होतो तो यामुळेच.

चेफालू स्टेशनच्या परिसरातून कास्तेलबुओनोची बस सुटते. इथे नवखा माणूस हमखास चुकतो ते वेळापत्रक वाचताना. हे तीन शब्द पाठच करा:

'फेरियाले' म्हणजे कामाचे दिवस, शनिवार धरून. शब्द सुट्टीचा वाटतो, अर्थ बरोबर उलटा आहे.

'फेस्तीवो' म्हणजे रविवार आणि सणाचे दिवस. त्या दिवशी बस अगदी कमी असतात, कधी नसतातही.

'स्कोलास्तिको' म्हणजे शाळा चालू असतानाच धावणारी बस. जून ते सप्टेंबर या बसच्या भरवशावर राहू नका.

आणखी एक शब्द स्टेशनवर कागदावर चिकटवलेला दिसेल, 'शोपेरो', म्हणजे संप. तो तारखेसकट आधी जाहीर झालेला असतो, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा. बसचं तिकीट बऱ्याचदा ड्रायव्हरकडे नसतं. ते 'ताबाक्की' नावाच्या, पांढऱ्या 'टी' अक्षराची पाटी लावलेल्या दुकानात किंवा स्टेशनजवळच्या बारमध्ये मिळतं. बार म्हणजे इथे दारूचा गुत्ता नव्हे. कॉफी, बिस्किटं, तिकिटं, गप्पा असं सगळं मिळणारं ते आपल्या नाक्यावरच्या हॉटेलासारखं ठिकाण आहे, बाई एकटी गेली तरी कोणी वळून बघत नाही.

स्वतःच्या गाडीने यायचं तर ए-२० महामार्गावर 'पोलिना-कास्तेलबुओनो' नावाचाच फाटा आहे. गाडी गावाबाहेरच्या वाहनतळावर लावा. जुन्या भागातल्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की वळणावर आरसे मिटावे लागतात. शिवाय जिथे 'झेड-टी-एल' अशी पाटी असेल तिथे परवानगीशिवाय शिरलात तर कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं.

गावाच्या घड्याळाप्रमाणे चला

सकाळी साडेसात-आठपासून एकपर्यंत गाव चालू. एक ते साधारण साडेचार बंद. साडेचारनंतर पुन्हा दारं उघडतात आणि सात वाजता अख्खं गाव रस्त्यावर येतं. या संध्याकाळच्या फेरफटक्याला 'पास्सेज्जाता' म्हणतात. माणसं कोर्सो उंबेर्तोवरून पियात्सा मार्गेरीतापर्यंत जातात, वळतात, परत येतात, पुन्हा जातात. आजोबा नातवंडांचा हात धरून, मुली एकमेकींच्या गळ्यात हात टाकून, म्हातारे बाकांवर ओळीने. खरेदी नाही, घाई नाही. पहिल्या संध्याकाळी दुसरं काहीही ठरवू नका, यात सामील व्हा. दोन फेऱ्या झाल्या की चेहरे ओळखीचे होतात आणि दुसऱ्या दिवशी बारवाला तुम्हाला काय लागतं ते न विचारता देतो.

बोलण्याचं म्हणाल तर दुकानात पाऊल टाकताना सकाळी 'बुऑनजोर्नो' आणि संध्याकाळी 'बुऑनासेरा' म्हणायलाच हवं. न बोलता आत शिरून वस्तू हाताळणं इथे उद्धटपणाचं समजतात. गर्दीतून वाट काढताना 'पेर्मेस्सो'. वयस्कर माणसांशी 'चाव' म्हणून बोलू नका, तो बरोबरीच्यांचा शब्द आहे. इंग्रजी फार थोड्यांना येतं, पण मोडकं इटालियन बोलणाऱ्यावर हे लोक मनापासून खूश होतात.

दुपारच्या तीन-साडेतीन तासांचं काय करायचं? सावकाश जेवायचं, मग झोपायचं. आपल्याला वामकुक्षी शिकवायची गरज नाही.

पायी बघायचं

किल्ल्यापासून सुरुवात करा, सकाळी, उघडल्या उघडल्या. व्हेंतिमिलिया घराण्यातल्या फ्रांचेस्को पहिल्याने १३१६ च्या सुमारास तो बांधायला घेतला. 'चांगला किल्ला' हाच कास्तेलबुओनोचा अर्थ. १९२० मध्ये तो विकायला निघाला तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढून विकत घेतला, आणि आता तिथे गावाचं संग्रहालय आहे. आतलं प्रार्थनाघर चुकवू नका. सोनेरी पार्श्वभूमीवर पांढऱ्या गिलाव्यातली बाळसेदार देवदूतांची गर्दी सतराव्या शतकाच्या अखेरीस सेर्पोत्ता घराण्याच्या कारागिरांनी घडवली आहे. बाहेरून रांगडा दिसणाऱ्या किल्ल्याच्या पोटात इतकं नाजूक काम असेल असं वाटत नाही.

तिथून सांत आन्ना रस्त्याने उतरलात की पियात्सा मार्गेरीता आणि चौदाव्या शतकातलं जुनं चर्च, मात्रिचे वेक्किया. त्याच्या तळघरातल्या भिंतींवर येशूच्या अखेरच्या दिवसांची चित्रं आहेत. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, आणि प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबावं. वेळ उरला तर मिना पालुंबो यांच्या नावाचं निसर्गसंग्रहालय बघा. हे एकोणिसाव्या शतकातले इथले डॉक्टर. रुग्ण तपासायचे आणि उरलेल्या वेळात मादोनिएतली झाडं, पाखरं, किडे, साप गोळा करून नोंदवायचे. मान्ना समजून घ्यायलाही हीच जागा बरी.

सकाळी गल्ल्यांमध्ये गाढव दिसलं तर नवल करू नका. इथल्या नगरपालिकेने २००७ मध्ये घरोघरचा कचरा गोळा करायला गाढवं आणली. जिथे ट्रक शिरत नाही आणि पायऱ्या चढायच्या आहेत तिथे हेच वाहन शहाणपणाचं. कचरा वेगवेगळा करून ठेवायचा असतो, म्हणून कोणत्या वारी काय बाहेर ठेवायचं ते घरमालकिणीला पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

जेवणाचं

शाकाहारी माणूस सिसिलीत उपाशी राहत नाही, पण न विचारता खाल्लं तर फसतो. 'सोनो वेजेतारियानो' (बाईने म्हणायचं 'वेजेतारियाना') एवढ्याने काम भागत नाही, कारण मासा म्हणजे मांस नव्हे असं पुष्कळांना वाटतं. पुढे जोडा: 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे', मांस नको, मासे नकोत. अंडं नको तर 'सेन्त्सा उओवा'. जैन असाल तर 'सेन्त्सा आल्यो, सेन्त्सा चिपोल्ला', लसूण नको, कांदा नको.

मग लपलेल्या गोष्टी. 'अच्चूगे' हे छोटे खारवलेले मासे भाजीतही विरघळवून घालतात आणि पालेर्मोच्या जाड पावावर, स्फिंच्योनेवर, हटकून असतात. 'ब्रोदो' म्हणजे बहुतेक वेळा मांसाचं पाणी, सूप मागवताना हा शब्द लक्षात ठेवा. 'स्ट्रुत्तो' म्हणजे डुकराची चरबी. ती जुन्या पद्धतीच्या कान्नोली या गोड पदार्थाच्या कुरकुरीत नळीत असते आणि तळणातही वापरतात. चीज घट्ट करायला बहुधा वासराच्या किंवा कोकराच्या जठरातलं रेनेट लागतं, आणि रिकोत्ता त्याच चीजच्या निवळीपासून करतात. हे कुठवर चालवून घ्यायचं ते घरूनच ठरवून निघा, टेबलावर बसून वाद घालण्यात अर्थ नाही. उलट 'पेपेरोनी' वाचून दचकू नका, इथे त्याचा अर्थ ढोबळी मिरची.

काय खायचं? पालेर्मोत असतानाच 'पानेल्ले' खाऊन घ्या. बेसन पाण्यात शिजवून, थापून, थंड करून, कापून तळतात. ही तर आपली पाटवडीच, तळून पावात घातलेली! गावात 'कापोनाता' मिळेल, म्हणजे तळलेलं वांगं, सेलरी, ऑलिव्ह आणि टोमॅटोची आंबटगोड भाजी. 'माक्को' म्हणजे वाळवलेल्या फावा या शेंगेच्या बियांचं घट्ट वरण, वर ऑलिव्हचं तेल. घरात कोणाला जी-सिक्स-पी-डी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असेल तर मात्र फावा कटाक्षाने टाळा, त्यांना तो धोकादायक ठरतो. डोंगरातल्या आळंब्यांचे पदार्थ शरद ऋतूत उत्तम. गावाचं स्वतःचं गोड म्हणजे 'तेस्ता दी तुर्को', तळलेल्या पातळ पापुद्र्यांवर दुधाची दाट खीर आणि दालचिनी. पापुद्रे कशात तळलेत ते विचारा. मिलानचा पानेत्तोने हा केक या डोंगरातल्या गावाने इतका मनावर घेतला की आता इथला पानेत्तोने परदेशी जातो. मान्ना घातलेलाही मिळतो. त्यात अंडं असतं.

कॉफीचं थोडं. 'काफे' म्हटलंत की दोन घोटांची कडक कॉफी येईल. 'लात्ते' म्हटलंत तर नुसतं दूध. बारमध्ये उभ्याने प्यायली तर स्वस्त पडते. रात्रीचं जेवण आठच्या आधी मिळत नाही, लहान मुलं बरोबर असतील तर संध्याकाळी त्यांच्या पोटाची सोय करून ठेवा. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी एक-दोन युरो लावलेले असतात. ते पाव आणि मांडणीचे, फसवणूक नाही. वेगळी बक्षिसी देण्याची सक्ती नाही.

मान्ना

ज्यासाठी एवढ्या लांब यायचं ते हे. कास्तेलबुओनो आणि शेजारचं पोलिना, एवढ्याच टापूत हा धंदा आता उरला आहे. अ‍ॅश जातीच्या झाडांच्या बागा असतात. उन्हाळा भरात आला, झाडाला तहान लागली की शेतकरी खोडाच्या सालीला आडवा काप देतो. रोज एक नवा काप, आदल्या कापाच्या थोडा वर. आधी निळसर, कडवट रस पाझरतो. हवा आणि ऊन लागलं की तो पांढरा पडून घट्ट होतो आणि गोड होतो. चांगला वाळला तर खोडावर मेणबत्तीच्या ओघळासारखी कांडी तयार होते, ती सर्वांत शुद्ध आणि महाग. खाली ओघळणारा रस झेलायला फड्या निवडुंगाची फताडी पानं बुंध्याशी ठेवतात.

कोकणात माडाला काप देणारे हात ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे लगेच कळेल. काप किती खोल, कोणतं झाड आज तयार आहे आणि कोणत्याला विश्रांती द्यायची, हे वाचून येत नाही. एक पाऊस आला तर आठवड्याची मेहनत धुऊन जाते, म्हणून ऑगस्टमध्ये हे लोक आभाळाकडे बघत असतात. पूर्वी सिसिलीच्या उत्तर किनाऱ्यावर या बागा दूरवर होत्या. मान्नातल्या मुख्य साखरेला त्याच्यावरूनच मॅनिटॉल नाव पडलं. मेंदूवरची सूज उतरवायला इस्पितळात शिरेतून देतात तेच हे मॅनिटॉल. ते कारखान्यात तयार व्हायला लागलं आणि बागांना उतरती कळा लागली. टिकलेल्या थोड्या शेतकऱ्यांच्या मान्नाला आता 'स्लो फूड' चळवळीचं पाठबळ आहे.

बघायला जायचं तर घरमालकाला किंवा संग्रहालयात आदल्या दिवशी सांगून ठेवा, ते ओळखीच्या शेतकऱ्याशी गाठ घालून देतात. बागेत आपणहून शिरू नका, खोडावरच्या कांड्यांना हात लावू नका. सकाळची वेळ मागा, पायात बूट घाला आणि पाणी न्या. फोटो आधी विचारून. आणि परतताना त्यांच्याकडूनच विकत घ्या, घासाघीस न करता. एका झाडाला मिळतो तो रस किती थोडा हे डोळ्यांनी पाहिल्यावर भाव करायला जीभ रेटतही नाही. चाखताना एक छोटा तुकडाच घ्या. मान्ना पोट साफ करणारा आहे, पोरांच्या हाती अख्खी कांडी देऊ नका.

एक दिवस जास्त असेल तर

मादोनिए हे १९८९ पासून संरक्षित उद्यान आहे आणि कास्तेलबुओनोहून गाडीने पियानो सेम्प्रियापर्यंत चढता येतं. तिथून पायवाटेने पियानो पोमोला जा. तिथे हॉलीची प्रचंड जुनी झाडं आहेत. एरवी हे झुडूप असतं, इथे त्याचे वृक्ष झालेत आणि त्यांच्या आत शिरलं की भर दुपारी काळोख होतो. मला किल्ल्याइतकीच ही जागा आवडली. बस नाही, गाडी किंवा टॅक्सी ठरवावी लागते. हिवाळ्यात वर बर्फ असतो, तेव्हा नको.

परतताना

रविवारी निघायचा बेत असेल तर तो सोमवारवर ढकला, सकाळच्या बसने चेफालू गाठलं की पुढे ट्रेन भरपूर आहेत. बसचं तिकीट आदल्या संध्याकाळी, पास्सेज्जाताला निघालात की काढून ठेवा. मान्ना घट्ट झाकणाच्या डब्यात, सामानाच्या मधोमध ठेवा. ओल लागली की तो चिकट होतो, आणि आपल्याकडे पावसाळा असेल तर घरी आल्यावर आधी तो डबा कोरड्या जागी हलवा, बाकीच्या बॅगा मागाहून उघडा.